‘नेट नाही’ हे निदान नव्हे

(मनमाड येथील जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कांद्याच्या भावावर आणि विजेच्या बिलावर सकाळपासून बोलणे झाले आहे. आमच्या वाट्याला आलेला विषय आहे संगणकाचे जाळे आणि बिनतारी जोडणी यांतल्या शब्दांचा. विषय ऐकताच मागच्या रांगेत काही जणांनी तंबाखू मळायला घेतली, ते आम्हाला दिसते आहे. खुशाल मळा, पण कान इकडे ठेवा.

आडत, तोलाई, हमाली, कडता हे शब्द एके काळी आपण निमूट ऐकून घेत होतो. हिशेबपट्टीत जे कापले जाई ते नशिबाने कापले असे समजत होतो. एकेका शब्दाचा अर्थ विचारायला लागलो, तेव्हा एकेक वजावट उघडी पडली. ज्याला शब्द माहीत नाही त्याला भांडताही येत नाही. आज सातबारा संगणकावर आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून पिकाची नोंद ई-पीक पाहणीच्या अॅपवर करायची आहे. अनुदान थेट खात्यात येते आणि खाते ओटीपी मागते. प्रत्येक खिडकीवर आपल्याला तीन उत्तरे मिळतात : ‘नेट नाही’, ‘रेंज नाही’, ‘सर्व्हर डाऊन आहे’. म्हणजे उद्या या. उद्याची मजुरी बुडते ती आपली, एसटीचे भाडे जाते तेही आपले आणि मुदत संपली तर नुकसानही आपलेच.

आम्ही शेतकी कॉलेजात शिकलेली माणसे. कोणी येऊन ‘पान पिवळे पडले’ म्हणाला, तर आम्ही लगेच औषध सांगत नाही. खालची जुनी पाने आधी पिवळी पडली असतील तर नत्र कमी असेल. शेंड्याची कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह कमी असेल. वाफ्यात पाणी साचून मुळे गुदमरली असतील तर कितीही युरिया टाका, उपयोग नाही. पिवळे पान हे लक्षण झाले, रोग नव्हे. ‘नेट नाही’ हेही तसेच लक्षण आहे. त्याचे निदान आपल्याला यायला हवे, एवढ्यासाठीच हा विषय.

मनमाडच्या माणसाला जाळे शिकवावे लागत नाही

दोन किंवा अधिक संगणक एकमेकांशी बोलायला लागले की त्याला नेटवर्क म्हणायचे. एका इमारतीतले, म्हणजे बाजार समितीच्या कचेरीतले चार संगणक जोडले तर ते लॅन. गावोगावचे, लांबचे जोडले तर वॅन. आणि जगभरातली अशी सगळी जाळी एकमेकांना जोडली की झाले इंटरनेट. त्याचा कोणी एक मालक नाही. हजारो जाळ्यांनी ठरावीक नियमांनी एकमेकांचा माल पुढे न्यायचे कबूल केले आहे, एवढेच.

हा माल जातो कसा? आपल्या स्टेशनकडे पाहा. एक फाटा मुंबईकडे, एक भुसावळकडे, एक दौंडकडे, एक संभाजीनगरवरून नांदेडकडे. अन्न महामंडळाच्या गोदामात धान्य येते ते वाघिणींतून येते. इंटरनेटवरही तसेच आहे. तुम्ही कांद्याच्या चाळीचा फोटो पाठवलात, तर तो अखंड जात नाही. त्याचे तुकडे होतात. एकेका तुकड्याला पॅकेट म्हणतात आणि त्यात साधारण १५०० बाइट मावतात. तीन मेगाबाइटचा फोटो म्हणजे सुमारे दोन हजार पॅकेटे झाली. प्रत्येक पॅकेटावर पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता आणि अनुक्रमांक असतो.

वाटेतल्या जंक्शनला राउटर म्हणतात. तो पॅकेटावरचा पत्ता वाचतो आणि कोणत्या फाट्यावर सोडायचे ते ठरवतो. पुण्याचा माल दौंडवरून जातो. ती लाइन बंद पडली तर कल्याणवरून घालता येतो. पॅकेटेही अशीच वाट बदलतात. काही मागेपुढे पोचतात, काही हरवतात. पलीकडचा संगणक अनुक्रमांक लावून घेतो आणि पोच मिळाली नाही तेवढीच पॅकेटे पुन्हा पाठवली जातात. म्हणून फोटो हळू आला तरी फाटका येत नाही.

आता पत्ता. मनमाडचा पिन ४२३१०४. पहिल्या ४ वरून टपाल खात्याला कळते की माल पश्चिमेकडचा आहे, पुढच्या आकड्यांवरून मुक्काम जवळ जवळ येत जातो. संगणकाच्या पत्त्याला आयपी पत्ता म्हणतात. जुन्या पद्धतीत तो चार आकड्यांचा असतो आणि प्रत्येक आकडा ० ते २५५ मधला. असे पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटी होतात. जगाची माणसे त्याहून जास्त, म्हणून नव्या पद्धतीत पत्ता फार लांब केला आहे. तोवर काटकसरीचा मार्ग असा, की वाड्याचा पत्ता एक आणि आतल्या खोल्यांना घरगुती क्रमांक. तुमच्या राउटरवर १९२.१६८ ने सुरू होणारा आकडा दिसला, तर तो खोलीचा क्रमांक समजा. वाड्याबाहेर तो चालत नाही.

आकडे कोणाच्या लक्षात राहणार? म्हणून नावे दिली आणि नावावरून आकडा सांगणारी नोंदवही ठेवली. तिला डीएनएस म्हणतात. इथे सावध राहा. सरकारी संकेतस्थळाच्या नावाचा शेवट ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ किंवा ‘डॉट एनआयसी डॉट इन’ असा असतो. नावात मध्येच ‘किसान’ किंवा ‘सरकार’ आले म्हणून ते सरकारी होत नाही. नाव शेवटाकडून वाचायची सवय लावा.

मण आणि क्विंटल

पुढचा शब्द बँडविड्थ. एका वेळी किती माल जाऊ शकतो ते माप. ते सेकंदाला इतके मेगाबिट असे सांगतात. इथे जुनाच खेळ आहे. जोडणी विकतात बिटमध्ये, फाइल मोजतात बाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट. ‘१०० एमबीपीएस’ची जोडणी म्हणजे सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट. मणाचा भाव सांगून क्विंटलचा हिशेब करण्यातला हा प्रकार. आणि जाहिरातीत आकड्यापुढे बारीक अक्षरात ‘पर्यंत’ असा एक शब्द असतो. तो वाचल्याशिवाय पैसे मोजू नका.

बँडविड्थ वेगळी आणि विलंब वेगळा. विलंबाला लेटन्सी म्हणतात. चारीला पाणी किती आले हा एक प्रश्न, आणि दार उघडल्यापासून आपल्या वाफ्यात यायला किती वेळ लागला हा दुसरा. पृथ्वीपासून सुमारे ३६,००० किलोमीटरवर स्थिर दिसणाऱ्या उपग्रहावरून संदेश गेला, तर प्रश्न जाऊन उत्तर यायला जवळजवळ अर्धा सेकंद लागतो. सातबारा उतरवायला अर्धा सेकंद काहीच नाही. पण पडद्यावर लिलाव चालू असेल आणि दोन व्यापारी शेवटच्या क्षणाला बोली लावत असतील, तर ज्याची वाट लांबची त्याची बोली मागे पडते. १४ एप्रिल २०१६ रोजी ई-नाम सुरू झाले, तेव्हापासून हा आपल्या भावाचा प्रश्न आहे.

बिनतारी म्हणजे काय?

बिनतारीत तारेऐवजी रेडिओलहरी असतात. त्यांचे गुणधर्म पिकाच्या गुणधर्मांसारखे समजून घ्यावेत. कमी वारंवारतेची लहर लांब जाते आणि भिंतीतून बरी शिरते, पण माल थोडा वाहते. जास्त वारंवारतेची माल पुष्कळ वाहते, पण लवकर दमते. वाय-फायच्या राउटरवर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन पट्टे दिसतात. ओसरीपर्यंत हवे असेल तर २.४ घ्या, त्याच खोलीत जोरात हवे असेल तर ५ घ्या.

पाणी या लहरींचे शत्रू आहे. हिरवे पान म्हणजे बहुतांशी पाणीच. दाट झाडी आणि उंच वाढलेला मका किंवा ऊस लहरी शोषून घेतो. त्यामुळे उन्हाळ्यात मोकळ्या रानात मिळणारी रेंज पीक वाढल्यावर त्याच बांधावर कमी झाली, तर नवल नाही. डोंगराचेही तसेच. अंकाई-टंकाईच्या या बाजूच्या टॉवरची लहर डोंगर फोडून पलीकडे जात नाही. पलीकडच्या गावाला वेगळा टॉवर लागतो.

मोबाइलला सेल्युलर म्हणतात, कारण मुलखाचे गट पाडावेत तसे तुकडे केलेले असतात. प्रत्येक तुकडा म्हणजे एक सेल आणि त्याला एक टॉवर. रेल्वेत बसून तुम्ही बोलत जाता तेव्हा एक टॉवर तुम्हाला दुसऱ्याच्या हवाली करतो. टूजी, थ्रीजी, फोरजी, फाइव्हजी यांतला ‘जी’ म्हणजे पिढी. आपल्या देशात फाइव्हजी १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाले.

फोनच्या कोपऱ्यातल्या उभ्या रेघा फक्त लहरीचा जोर सांगतात. टॉवरवर गर्दी किती ते सांगत नाहीत. एका विहिरीवर वीस मोटारी बसल्या तर पाइप कितीही मोठा असो, धार बारीकच येते. शिवाय टॉवरलाही मागून रस्ता लागतो. कुठे जमिनीतून फायबर आलेली असते, कुठे टॉवरवर गोल नगाऱ्यासारखे भांडे बसवून समोरच्या टॉवरशी संधान बांधलेले असते. रस्त्याच्या कामात जेसीबीने फायबर तोडली की रेघा पूर्ण आणि नेट शून्य. वीज गेली आणि टॉवरची बॅटरी उतरली की रेघाही जातात.

तीन गैरसमज इथेच काढून टाकू. पहिला, वाय-फाय म्हणजे इंटरनेट नव्हे. वाय-फाय ही राउटरपासून फोनपर्यंतची शेवटची पोटचारी आहे. पोटचारी धड असून कालवाच कोरडा असू शकतो. दुसरा, हॉटस्पॉट ही वेगळी जोडणी नव्हे. एका फोनचा डेटा दुसऱ्याला वाटून देणे म्हणजे हॉटस्पॉट. तिसरा, जीपीएसला इंटरनेट लागत नाही. उपग्रह सतत वेळ आणि स्वतःची जागा सांगत असतात, फोन ती ऐकतो आणि आपली जागा काढतो. त्याला रिचार्जही लागत नाही. नकाशाचे चित्र उतरवायला मात्र नेट लागते. तेव्हा शिवारात ‘रेंज नाही म्हणून जागा घेता येत नाही’ असे कोणी म्हटले, तर ते उत्तर पुरते नाही. फोटो आणि जागा फोनमध्ये साठवून रेंजमध्ये आल्यावर पाठवता येईल असे अॅप करता येते. तसा आग्रह धरला पाहिजे.

चार प्रश्न

आता निदान. खिडकीवर ‘नेट नाही’ ऐकले की चार प्रश्न विचारा. एक : बिघाड याच यंत्रात आहे का? शेजारच्या फोनवर चालते का ते बघा, राउटर बंद करून पुन्हा लावा. दोन : बिघाड हवेत आहे का? म्हणजे रेघाच नाहीत का? दहा पावले बाहेर जाऊन किंवा गच्चीवर चढून बघा. तीन : रेघा आहेत, पण त्याच कंपनीच्या कोणाच्याच फोनवर काही उघडत नाही? मग मागचा रस्ता तुटला आहे, तक्रार कंपनीकडे. चार : बाकी सगळे उघडते, फक्त योजनेचे संकेतस्थळ उघडत नाही? मग तुमची रेंज ठणठणीत आहे. पलीकडचा मोठा संगणक, म्हणजे सर्व्हर, बसला आहे. सर्व्हर सरकारचा असेल तर दोष आणि भरपाईही सरकारची. मुदत शेतकऱ्याची का संपावी?

वारणेचा धडा

हे सगळे आपल्याकडे कधी करून पाहिले का? पाहिले. १९९८ साली कोल्हापूर जिल्ह्यात वारणानगरच्या सहकारी परिसरात कोल्हापूर-सांगलीची ७० गावे संगणकाने जोडायचा प्रकल्प सुरू झाला. उसाचे वजन, तोडणी, खताचा हिशेब, पैसे किती जमा झाले, हे गावातच कळावे हा हेतू. देशभर गाजावाजा झाला. पुढे काही वर्षांनी संशोधकांनी जाऊन पाहिले, तर गावातल्या केंद्रांत संगणक जे मुख्य काम करत होते ते कारखान्याशी हिशेबाची देवाणघेवाण एवढेच होते. मग सात गावांत आठ महिने प्रयोग केला. संगणकाऐवजी साधा मोबाइल आणि एसएमएस. सगळे काम त्यावर झाले, खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांना तेच अधिक पसंत पडले.

आम्ही यातून एवढेच घेतो, की आधी गरज मोजा, मग तार ओढा. मातीपरीक्षण न करता खत टाकणारा आणि गरज न विचारता यंत्र बसवणारा एकाच माळेचे मणी. आणखी एक. एका एसएमएसमध्ये इंग्रजीची १६० अक्षरे मावतात, देवनागरीची काना-मात्रा धरून ७०. म्हणजे आपल्या भाषेत तोच निरोप दुपटीहून जास्त जागा खातो. या व्यवस्था कोणी, कोणाला समोर धरून आखल्या ते यावरून समजावे.

हवा कोणाची?

जमिनीला सातबारा आहे. लहरींचा सातबारा कोणाच्या नावावर? सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सांगितले, की या लहरी सार्वजनिक मालमत्ता आहेत. २ फेब्रुवारी २०१२ रोजी त्याच न्यायालयाने टूजीचे १२२ परवाने रद्द केले, कारण ही मालमत्ता मनमानी पद्धतीने वाटली होती. म्हणजे कंपन्या या लहरींच्या खंडकरी आहेत. मालक तुम्ही-आम्ही.

दुसरी गोष्ट पैशाची. दूरसंचार कंपन्यांच्या महसुलातला ५ टक्के वाटा ग्रामीण भागात सेवा पोचवण्यासाठी वेगळा काढला जातो. त्या निधीचे नाव आता डिजिटल भारत निधी आहे. त्यातूनच ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेणारे भारतनेट चालते. या योजनेला केंद्राने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी दिली. आपण केलेल्या प्रत्येक रिचार्जमधला तो वाटा आहे. पण कालव्याचे पाणी टेलच्या शेतकऱ्याला कसे मिळते ते तुम्हाला कोणी सांगायला नको. फायबर ग्रामपंचायतीच्या भिंतीपर्यंत आली, पेटी बसली, फोटो निघाला. पेटीतला दिवा लागतो का? तिथून शाळेला, सोसायटीला, वस्तीला जोडणी गेली का? टेल कोरडी असेल तर कालवा पूर्ण झाला असे आपण म्हणत नाही.

तिसरी गोष्ट आपल्या नावाने चाललेल्या व्यापाराची. २०१५ साली फेसबुकने फुकट इंटरनेटची योजना आणली. फुकट काय, तर त्यांच्या यादीतली निवडक संकेतस्थळे. तिच्या समर्थनार्थ डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीच्या मालकाने एका इंग्रजी दैनिकात लेख लिहिला आणि उदाहरण दिले ते महाराष्ट्रातल्या एका शेतकऱ्याचे. त्याला फुकटात हवामान कळते, बाजारभाव कळतात, म्हणून योजना असू द्या. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने नियम केला, की संकेतस्थळ कोणते यावरून डेटाचा दर वेगळा लावता येणार नाही. याला नेट न्यूट्रॅलिटी म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचे तर रस्ता सगळ्यांच्या गाड्यांना सारखा. रस्त्याचा ठेकेदार ‘अमक्याच आडत्याकडे माल नेशील तर टोल माफ’ असे म्हणू शकत नाही. अशी फुकट वाट आपल्याला बाजार समितीच्या दारात नको होती, फोनमध्ये का हवी?

रुमाल कुठे हवा, कुठे नको

पूर्वी रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरत. माल आपला, आणि भाव आपल्यालाच दिसत नसे. तो रुमाल काढलाच पाहिजे होता. पण पैशाचा व्यवहार फोनवर करताना रुमाल हवा. पॅकेटे अनेकांच्या हातून जातात, म्हणून मजकूर कुलूप लावून पाठवतात. त्याला एन्क्रिप्शन म्हणतात. वाय-फायला पासवर्ड ठेवा. फुकट, बिनपासवर्डच्या वाय-फायवर बँकेचे काम करू नका. आणि व्हॉट्सअॅपवर ‘अनुदानाची यादी’ म्हणून एपीके नावाची फाइल आली, तर ती उघडू नका. ती यादी नसते. ते अॅप असते, आणि एकदा बसले की तुमचा ओटीपी दुसऱ्याच्या हातात जाऊ शकतो. ओटीपी म्हणजे तिजोरीची किल्ली. ती फोनवर मागणारा कोणीही असो, द्यायची नाही.

करायचे काय?

प्रत्येक गावशाखेने एक वही घालावी. ‘नेट नाही’ असे उत्तर मिळाले की तारीख, वेळ, ठिकाण आणि चार प्रश्नांपैकी कोणत्या प्रश्नावर गाडी अडली ते लिहावे. हे काम शिकलेल्या लेकी-सुनांकडे द्या. त्या आपल्यापेक्षा नीट करतील. ग्रामसभेत भारतनेटच्या पेटीची किल्ली कोणाकडे आहे आणि दिवा कधीपासून बंद आहे ते विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. पडद्यावरच्या लिलावात जोडणी तुटली तर तेवढा वेळ लिलाव थांबवून पुढे वाढवावा, अशी मागणी बाजार समितीकडे लेखी करा. आणि तहसीलवर आपली मागणी एकच राहील : सर्व्हर जितके दिवस बंद, तितके दिवस मुदत वाढ, आणि तोवर कागदावर अर्ज घेऊन पोच.

तोंडी तक्रारीला ‘बघतो’ हे उत्तर मिळते. तारीख-वेळेच्या दोनशे नोंदी टेबलावर ठेवल्या की ‘बघतो’ म्हणणे जड जाते. कडत्याच्या वेळी आपण पट्ट्या गोळा केल्या होत्या, आता नोंदी गोळा करायच्या आहेत. पुढच्या बैठकीला येताना वह्या घेऊन या. त्या एकत्र करून कलेक्टर कचेरीत कधी जायचे ते आपण तिथे ठरवू.